मोबाईल कंपन्यांवरील विकिपीडियाचे लेख: एका नागपूरकर ग्राहकाचा अभिप्राय

बर्डीवरच्या कोणत्याही मोबाईलच्या दुकानात विक्रेता समोरच्या फोनची स्तुतीच करणार, ते त्याचे कामच आहे. म्हणून गेल्या मे महिन्यात भाचीसाठी फोन घ्यायचे ठरले, तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी आम्ही दोघांनी चार-पाच कंपन्यांवरील विकिपीडियाचे लेख इंग्रजीत आणि मराठीत वाचून काढले. जाहिरातीविना आणि फुकट मिळणारी ही सेवा ग्राहकाच्या कितपत उपयोगाची आहे, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

इंग्रजी आवृत्तीतील सॅमसंग गॅलेक्सी नोट ७ वरील लेख मला आदर्श वाटतो. ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आलेल्या या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, सप्टेंबरमध्ये कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत मागवले, बदलून दिलेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या तपासात दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये दोन वेगवेगळे दोष आढळले. एवढा मोठा प्रसंग सांगताना संताप किंवा सारवासारव करण्याची गरज नसते. तारखा, आकडे आणि प्रत्येक विधानामागचा संदर्भ दिला की वाचकाला जे कळायचे ते कळते.

तटस्थता म्हणजे दोन ओळी कौतुकाच्या आणि दोन टीकेच्या, असा अनेकांचा समज असतो, पण विकिपीडियाचे धोरण तसे नाही. विश्वासार्ह स्रोतांनी ज्या गोष्टीला जेवढे महत्त्व दिले असेल, तेवढेच लेखाने द्यावे आणि मत कोणाचे आहे ते स्पष्ट सांगावे, असे ते धोरण आहे. बॅटरी जुनी झाली की आयफोनचा वेग कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केल्याचे कंपनीचे म्हणणे होते, तर नवा फोन घ्यायला भाग पाडण्यासाठीच ते केले गेले, असा ग्राहकांचा आरोप होता. ग्राहकांना याची पुरेशी माहिती दिली नाही म्हणून फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. येथे ‘कंपनीने फसवले’ असे लिहिणे जितके चूक, तितकेच दंडाचा उल्लेख गाळणेही चूक.

मराठी आवृत्तीबद्दल मात्र मनापासून वाईट वाटते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा प्रकल्प मोजक्या स्वयंसेवकांच्या कष्टावर उभा आहे, आणि जिथे पाहणारे डोळे कमी, तिथे तटस्थता आधी ढळते. आम्ही वाचलेल्या लेखांपैकी एकात कंपनी ‘ग्राहकांच्या मनावर अधिराज्य गाजवणारी’ होती. लेखात कोणी, कधी, काय बदलले याची नोंद असलेले ‘इतिहास पहा’ हे पान उघडल्यावर दिसले की हे वाक्य घालणाऱ्या खात्याने त्याच दिवशी सदोष फोन परत मागवल्याचा परिच्छेद काढून टाकला होता आणि बदलाच्या सारांशात ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढेच लिहिले होते. त्याच्या खाली दुसऱ्या कोणीतरी ‘चोर कंपनी’ असे लिहून ठेवले होते. दोन्ही गोष्टी कित्येक महिने तशाच होत्या.

पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते उघड केलेच पाहिजे, अशी अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापर-अटींत २०१४ पासून आहे. तरीही २०१५ मध्ये इंग्रजी आवृत्तीवर छुप्या व्यावसायिक संपादनाचे एक मोठे जाळे उघडकीस आले आणि ३८१ खाती बंद करावी लागली. तेथे अशा गोष्टी शोधून काढणारे संपादक आहेत, आपल्याकडे तेवढे नाहीत.

‘चोर कंपनी’ लिहिणाऱ्याचा राग मला समजतो. आमच्या घरातील एका फोनची बॅटरी मागच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, इतकी फुगली की मागचे झाकण उचलले गेले, आणि सेवा केंद्राने हात झटकले. पण माझा एकट्याचा अनुभव हा ज्ञानकोशाचा मजकूर होऊ शकत नाही. त्याची जागा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे, आणि मी तक्रार तेथेच नोंदवली.

खरेदीपूर्वी हे लेख जरूर वाचावेत, मात्र लेखासोबत त्याचा इतिहास आणि संपादक जिथे लेखाबद्दल आपसात बोलतात ते चर्चापानही वाचावे. मराठी लेख वाचला असेल तर इंग्रजीशी ताडून पाहावा. भाचीने फोन घेतला तो असाच पडताळून. त्या मराठी लेखातील अधिराज्य आणि चोर हे दोन्ही शब्द मी काढले, वगळलेला परिच्छेद वृत्तपत्राच्या संदर्भासह परत घातला आणि चर्चापानावर कारण लिहिले. त्या नोंदीखाली अजून कोणी काही लिहिलेले नाही. पान माझ्या निरीक्षणसूचीत, म्हणजे लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत, आहे.