‘पंप गेला’ म्हणणाऱ्या मिस्त्रीपासून सावध राहा

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर अडला की मिस्त्री सांगेल तो भाव, हे आमच्या दारव्हा-दिग्रस भागात कोणाला सांगायला नको. यंदा जूनमध्ये माझे १८,५०० रुपये असेच गेले. तोच प्रकार तुमच्याकडे व्हायला नको म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टर जुना, ३५ एचपीचा, तीन सिलिंडर, इंजिनाला दाबानं डिझेल देणारा पंप इनलाइन, म्हणजे दर सिलिंडरला वेगळा एलिमेंट असलेला. सकाळी सेल्फ मारला की सुरू, रिकामा चालवला तर काही तक्रार नाही. वखराला लावला की वीस-पंचवीस मिनिटांत दम सोडायचा आणि बंद. थोडा वेळ उभा ठेवला की पुन्हा सुरू.

मिस्त्रीनं टाकी पाहिली नाही, पाइप पाहिले नाहीत. फिल्टरवरचा एअरचा बोल्ट ढिला केला, डिझेल चढवायचा हातपंप मारला आणि फेसाळ डिझेल दाखवलं. "पाहा भाऊ, पंप हवा खाऊन राह्यला. एलिमेंट गेले. आता नाही केलं त ऐन पेरणीत वावरात उभा राहीन."

चलाखी इथंच होती. फिल्टरला बुडबुडे येतात म्हणजे हवा त्याच्या आधी शिरते: टाकीकडचा रबरी पाइप, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, नाहीतर बोल्टाखालचा तांब्याचा वायसर. एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा दट्टा आणि त्याचं बॅरल, असतात फिल्टरच्या पुढे, डिझेल पंपात. ते झिजले तर गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, कारण तापून पातळ झालेलं डिझेल फटीतून निसटतं. माझा तर तापलेला असतानाही थोडं थांबलं की पहिल्या सेल्फला उठत होता.

पंप आणि डिझेल फवारणारे नोजल तो यवतमाळला बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या मशीनवर, लावतो म्हणून घेऊन गेला. परत आणला तो चकाचक काळा रंग मारून. चिठ्ठीवर तीन एलिमेंट, तीन डिलिव्हरी व्हॉल्व्ह, तीन नोजल, कॅलिब्रेशन म्हणजे डिझेलचं माप जुळवणं. जीएसटी नंबर नाही, कॅलिब्रेशनचा कागद नाही. जुने पार्ट मागितले तर "ते भंगारात देल्ले." ट्रायल अंगणातच. झाकण काढून काडीनं डिझेल मोजलं, रिकाम्या ट्रॅक्टरला दोन-चारदा रेस दिली, पैसे घेतले.

वखराला लावला आणि तेच. शेजारच्या वावरातला ड्रायव्हर आला नि म्हणाला, "काका, आधी टाकीचं झाकण त उघडा." उघडलं तर फुस्स! आत हवा ओढली गेली. झाकणाचं बारीक भोक माती आणि तेलानं गच्च बुजलं होतं. डिझेल जाईल तशी टाकीत हवा यायला हवी, ती न आल्यानं टाकीत निर्वात होऊन डिझेलच सुटत नव्हतं. जोरात ओढताना ढिल्या वायसरातून हवा शिरायची, म्हणून तो फेस. उभं केलं की हळूहळू हवा झिरपायची, म्हणून पुन्हा सुरू. सुईनं भोक मोकळं केलं, वायसर बदलले, काम संपलं.

मग पंप यवतमाळला दुसऱ्या बेंचवाल्याकडे माझ्यासमोर खोलून घेतला. एलिमेंटवर उभे ओरखडे, नवे तर नाहीतच. तिन्ही नोजलवर कोरलेला नंबर एक असायला हवा, एकाचा वेगळा निघाला. माझे चांगले पार्ट काढून कोणाच्या तरी ट्रॅक्टरचे टाकले असा माझा संशय आहे. सिद्ध कसं करणार? पंप देण्याआधी पंच मारून खूण केली असती तर बोट ठेवता आलं असतं. एलिमेंटचा दट्टा आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनचीच असते, त्यामुळे वावरात धुळीत बसून पंप खोलतो म्हणणाऱ्यालाही हात लावू देऊ नका.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. पण हातात पक्कं बिल हवं, आणि माझ्या चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नाही. फोन केला तर म्हणतो, "घेऊन या, नोजल बदलून देतो." पंप मी त्याच्याकडे पुन्हा नेलेला नाही.