अवयवदानाच्या ऑनलाइन नोंदणीविषयी

आमच्या गणेश मंडळाने यंदा मंडपातच अवयवदानाची नोंदणी ठेवली होती आणि त्यासाठी ‘नोटो’ या अवयव व ऊती प्रत्यारोपणाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेची आधारवर चालणारी ऑनलाइन सेवा वापरली. सेवा विनामूल्य आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी भरला, कोणते अवयव आणि कोणत्या ऊती द्यायच्या ते निवडले, की प्रतिज्ञापत्र लगेच उतरवून घेता येते. मात्र आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर गाडी तिथेच अडते. वस्तीतल्या अनेक ज्येष्ठांची नेमकी हीच अडचण असल्याने ‘नमुना ७’ हा प्रतिज्ञेचा कागदी अर्ज जवळ ठेवणे मला आवश्यक वाटते.

खरी उणीव वेगळीच आहे. प्रतिज्ञा केली तरी प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा जवळच्या नातेवाइकांची संमती घेतली जाते, आणि हे त्या पडद्यावर ठळकपणे समोर यायला हवे होते. म्हणून आम्ही प्रत्येकाला घरी बोलायला सांगितले: मेंदूमृत्यू (मेंदूचे काम कायमचे थांबणे) म्हणजे काय, तो ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या चमूच्या तपासण्या किमान 6 तासांच्या अंतराने 2 वेळा का होतात, आणि घरी मृत्यू झाल्यावरही साधारण 6 तासांच्या आत नेत्रदान कसे करता येते. या गप्पांना अर्जापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, पण लोकांच्या मनातली भीती त्यांनीच कमी झाली. नोंदणीसाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवीन. समजावून सांगणारा माणूस मात्र मंडळाने शेजारी बसवलाच पाहिजे.