अंबाडा सांगितला की अंबाडाच देणारं दुकान

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजाराकडे नाटकासाठी केसांचे टोप भाड्याने देणारं एक दुकान आहे. बाहेर पाटी नाही. तालुक्यातल्या कुठल्याही नाटकवाल्याला विचारा, तो हाताला धरून दारापर्यंत नेऊन सोडेल. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाची केशभूषा नऊ वर्षं माझ्याकडे आहे आणि गेली दोन वर्षं मी सगळं सामान इथूनच नेते.

आधी दुसरीकडून आणायचो. तिथे आईच्या भूमिकेसाठी मी अंबाडा सांगितला होता. पुडकं उघडलं तर ऐन टाळूवर बसणारा कडक गोळा, रिसेप्शनला घालतात तसला. फोन केला तर म्हणाले, “बन म्हणजे बनच ना मॅडम!” अंबाडा मानेवर बसतो. खोपा त्याच्या थोडा वर, फुलं माळायला जागा ठेवून. आणि चुलीपाशी राबणारी बाई हाताला येतील तसे केस गुंडाळते, तो बुचडा. तीन शब्दांत तीन वेगळ्या बायका उभ्या राहतात. रात्री दहा वाजता, नांदीला अर्धा तास उरलेला असताना, तो गोळा उसवून मी मानेवर टाचत बसले होते.

या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानातल्या काकांनी वही उघडली आणि पात्रांची नावं न विचारता वयं विचारली. मग म्हणाले, “बाय, ही आत्या सकेशा की सोवळी?”

आमच्या संहितेत नुसतं ‘विधवा आत्या’ एवढंच होतं. नाटक पेशवाईतलं, घर भटजींचं. जिने केस राखले ती सकेशा. केशवपन करून लाल आलवण नेसणारी ती सोवळी. हे दोन्ही शब्द मी आजीच्या तोंडून ऐकले होते, पण टोप ठरवताना मला ते सुचले नव्हते, याचं वाईट वाटलं. आम्ही सोवळी ठरवली. काकांनी डोक्याला घट्ट बसणारा कापडी टोप दिला आणि त्यावर राखाडी रंगाचा असा हलका हात फिरवला की आठ दिवसांची खुंटं वाटावीत. नुसतं गुळगुळीत टक्कल दिलं असतं तर ते खोटं दिसलं असतं. “पदर एकदाच ढळू दे,” असंही त्यांनी सांगितलं. तिसऱ्या अंकात तो ढळला तेव्हा मांडवात चहावाल्याच्या कपांचा आवाजसुद्धा थांबला. पुढच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी नकळत स्वतःच्या डोक्यावर पदर ओढून घेतलेला मी विंगेतून पाहिला.

यंदा माझ्या यादीत एके ठिकाणी ‘केस मोकळे’ असं लिहिलेलं होतं. काकांनी तिथे पेन्सिल टेकवली. न्हालेले मोकळे, की आक्रोशातले मोकळे? न्हालेल्या केसांना टोकाशी सैल गाठ मारलेली असते, पाठ ओली असते. आक्रोशातले पिंजारलेले, बटा तोंडावर. आणि पात्राला कुणी रागानं बोलणार असेल तर त्याच केसांच्या झिंज्या होतात. “संवादात झिंज्या आहेत का बघ आधी,” म्हणाले. होत्या. सासूच्या तोंडी.

स्त्री पात्रांचं काम काकी बघतात. त्या प्रयोगाला गावात येतात, वेगळे पैसे घेतात, पण ते द्यावेत. नायिकेचा खोपा त्यांनी घातला तो मी जवळ बसून पाहिला. खोबरेल तेलाचा हात, मग दाट कंगवा, मग मुळाशी काळ्या लोकरीची गाठ. आमच्या मुलीचे केस खांद्यापर्यंतच, म्हणून त्या गाठीतच गंगावन अडकवलं. पीळ देत देत गोल, प्रत्येक फेऱ्याला आकडा आतून, म्हणजे प्रकाशात चमकत नाही. मधोमध मूद हा केसांतला दागिना, भोवती अबोलीची फाती, म्हणजे फुलांचा सर. शेवटी मुलीला म्हणाल्या, “मान हलव. जोरात. देव अंगात आल्यासारखी.” एक आकडासुद्धा सुटला नाही.

हे गंगावन काकांच्या वडिलांच्या पेटीतलं. ते गावोगावच्या नाटकांत स्त्रीपार्ट करायचे. दीनानाथ मंगेशकरांचं मंगेशी याच तालुक्यातलं. त्यांनीही स्त्री भूमिका गाजवल्या आणि १९१८ साली बलवंत संगीत मंडळी उभी केली. पुरुषांनी बायकांचे केस मिरवले त्या काळात खोपा, अंबाडा, वेणी यांतला फरक नटालाच पाठ असावा लागे. या दुकानात तो फरक अजून जिवंत आहे.

वेणीचा घोळ तर सगळीकडे होतो. मी एकदा जुन्या ठिकाणी ‘दोन वेण्या’ असा निरोप धाडला होता आणि मोगऱ्याच्या दोन वेण्या आल्या. काकी विचारतात, “घालायची की माळायची?” घालायची ती केसांची, माळायची ती फुलांची. इथे फुलांच्या सराला आम्ही फाती म्हणतो, त्यामुळे तसाही प्रश्न सुटतो. शाळकरी पात्रासाठी त्यांनी तीन पेडांच्या दोन वेण्या लाल गोंड्यांसह दिल्या. सागरवेणी मी मागितली होती, ती त्यांनी या नाटकात शोभणार नाही म्हणून नाकारली. बरोबर नाकारली.

पुरुषांचं काम चोख. घेरा, शेंडी, कल्ले सगळं मापात. आमच्या पोरांचे केस हल्ली बाजूने भादरलेले आणि वर झुबका, तो झुबका टोपाखाली दाबायला काका पातळ जाळी देतात.

आता तक्रारी. टोप चिकटवायचा डिंक कपाळाला खाजतो. दोघांना पुरळ उठलं. खोबरेल तेलाने तो निघतो, हे आधी सांगायला हवं होतं. बैराग्याच्या जटांना पावसाळ्यातला ओलसर वास होता, आम्ही दोन दिवस उन्हात घातल्या तेव्हा गेला. दुपारी एकनंतर दुकान बंद, चारला उघडतं. आणि माघात कवळे, म्हार्दोळ, मंगेशी अशा जत्रा एकापाठोपाठ येतात तेव्हा आयत्या वेळी काहीही मिळत नाही.

भाडं एका टोपाला रात्रीचे १५० रुपये, अनामत ५००. परत देताना टोप विंचरून द्यायचा. गुंता असेल तर काकी काही बोलत नाहीत, समोर बसून सोडवतात, आणि ते बघणं जास्त जड जातं.

पुढच्या माघासाठी मी नाव घालून आले. नाटक अजून ठरलेलं नाही, म्हणून काकांनी वहीत आमच्या गावापुढे अर्धं पान कोरं सोडलंय. तुम्ही जाल तेव्हा पात्रांची वयं लिहून न्या.