फाइवर : लेख लिहून विकणाऱ्यांच्या बाजूने

फाइवर या छोटीमोठी कामं विकण्याच्या ऑनलाइन बाजारात लेख विकतात असं सर्रास म्हटलं जातं, पण लिहून ठेवलेला लेख तिथे सहसा कुणी घेत नाही. विकायची ती 'गिग' : अमुक शब्दांचा लेख, इतक्या दिवसांत, इतक्या डॉलरना. ऑर्डर आली की मग लिहायला बसायचं. २०१० साली हा बाजार सुरू झाला तेव्हा प्रत्येक कामाचा भाव ५ डॉलर होता. नाव त्यावरूनच पडलं, आणि गिऱ्हाइकांची स्वस्तात मागायची खोड अजून पुरती गेलेली नाही.

आधी हिशेब. प्रत्येक ऑर्डरमागे साइट २० टक्के कापते. गिऱ्हाइकाने खूश होऊन टिप दिली तरी तिच्यातलेही २० टक्के जातातच, हे जरा जास्तच झालं. १००० शब्दांचा लेख ३० डॉलरला लावला तर हाती २४ उरतात. विषय वाचायला दीड तास, लिहायला दोन, दुरुस्तीला अर्धा धरला तर तासाला ६ डॉलर पडतात. पैसे काढण्याचं शुल्क आणि चलन बदलताना बसणारी तूट त्यातूनच जाते. शिवाय ऑर्डर पूर्ण झाल्यावर १४ दिवस रक्कम अडकलेली असते. 'टॉप रेटेड', म्हणजे साइटने सर्वात वरचा दर्जा दिलेल्या विक्रेत्यांना ७ दिवस. लेख पोचल्यावर गिऱ्हाईक गप्प बसलं तर ऑर्डर ३ दिवसांनी आपोआप पूर्ण होते. म्हणजे १ तारखेला दिलेल्या लेखाचे पैसे मोकळे होतात १८च्या आसपास.

कमाईचं गणित बसतं किंवा फिसकटतं ते लिहिताना नव्हे, गिगचं पान भरताना. तीन पॅकेजेस देता येतात. ५००, १००० आणि १५०० शब्द ही सरळ मांडणी चालते, पण 'अनलिमिटेड रिव्हिजन' (हव्या तितक्या दुरुस्त्या) हा पर्याय चुकूनही निवडू नये. दोन दुरुस्त्या पुरेत. दुरुस्ती म्हणजे काय तेही वर्णनातच लिहून टाकावं : ठरलेल्या विषयातले बदल चालतील, विषय किंवा वाचकवर्ग बदलला तर नवी ऑर्डर. 'लेख जरा आकर्षक करा' असा निरोप आला तर निमूटपणे सगळा लेख पुन्हा लिहू नये. कुठला परिच्छेद खटकला, ते विचारावं. बहुतेकदा सुरुवातीच्या चार ओळींवर काम भागतं.

सर्वात दुर्लक्षित जागा म्हणजे रिक्वायरमेंट्सचा फॉर्म, म्हणजे ऑर्डर देताना गिऱ्हाइकाला विचारायचे तुमचे प्रश्न. तो कोरा ठेवला की पैसे भरल्याक्षणी मुदतीचं घड्याळ सुरू होतं, आणि विषय नेमका कोणता हे विचारण्यातच एक दिवस जातो. प्रश्न घालून ते अनिवार्य केले, तर उत्तरं येईपर्यंत घड्याळ थांबलेलं राहतं. पाच प्रश्न पुरतात : वाचक कोण, वाचून त्याने काय करावं, कोणते शब्द यायलाच हवेत, तुम्हाला आवडलेला या धर्तीचा एखादा लेख कोणता, शब्दसंख्या थोडी इकडेतिकडे झाली तर चालेल का. मुदत चुकणार असं दिसलं तर ती संपण्याआधीच साइटवरच्या रिझोल्यूशन सेंटरमधून (ऑर्डरच्या अडचणी सोडवायची जागा) वाढवून मागावी. घड्याळ थांबवायला कोरी फाइल 'डिलिव्हर' करण्याची युक्ती काहीजण सांगतात. ती नियमाविरुद्ध आहे आणि खातं धोक्यात येतं.

हक्कांबाबत नवखे लेखक हमखास फसतात. गिगच्या पानावर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर पैसे मिळाल्यावर लेख पूर्णपणे गिऱ्हाइकाचा होतो. त्यावर तुमचं नाव येईलच असं नाही, तो दुसरीकडे विकता येत नाही, आणि नमुना म्हणून दाखवायचा तर परवानगी लागते. म्हणून नमुन्यासाठी तीन लेख स्वतःसाठीच वेगळे लिहून ठेवावेत.

अलीकडची डोकेदुखी म्हणजे 'हा लेख यंत्राने लिहिलाय' हा आरोप. ते ओळखणारी साधनं माणसाने लिहिलेल्या मजकुरावरही बोट ठेवतात, त्यामुळे त्यांच्या आकड्यावर वाद घालून काही निघत नाही. लेख पहिल्या ओळीपासून गूगल डॉक्समध्ये लिहिला तर व्हर्जन हिस्टरीत (आधीच्या आवृत्त्यांच्या नोंदीत) खाडाखोड तासातासाने दिसते, आणि ती दाखवता येते. दुसरीकडे लिहून एकगठ्ठा पेस्ट केलं की हा पुरावा हातचा जातो.

अपवर्क या दुसऱ्या साइटवर 'कनेक्ट्स', म्हणजे कामासाठी अर्ज करायला लागणारी टोकनं, खर्चून कामामागे धावावं लागतं. फाइवरवर मुख्यतः गिऱ्हाईक शोधत येतं, पण 'कोणत्याही विषयावर लेख' अशी पाटी लावलेल्या गर्दीत ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. 'सौर पंपांवर माहितीपर लेख' असं नेमकं नाव दिलं तर विचारणा कमी येतात, पण भावाची घासाघीसही कमी होते. जुनं गिऱ्हाईक परतलं की गिगचा दर न बदलता कस्टम ऑफर पाठवून त्याच्यापुरता नवा भाव सांगता येतो. बाहेर व्यवहार करू म्हणून ईमेल मागितला तर मात्र देऊ नये : नियमभंगाचा ठपका बसतो, आणि तोवर जमवलेले अभिप्राय खात्याबरोबरच बुडू शकतात.