वाणातलं कूपन आणि मानेची ‘मोफत’ सोनोग्राफी

आर्वी तालुक्यातील आमच्या गावी यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यासोबत एका खाजगी तपासणी केंद्राचे सवलतीचे कूपन मिळाले. चौदाशे नव्व्याण्णव रुपयांच्या महिला पॅकेजमध्ये रक्ताच्या तपासण्या होत्या आणि थायरॉइडची, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीची, सोनोग्राफी ‘मोफत’ होती. केंद्राचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण अशी पॅकेजे आता कुठेही मिळतात आणि माझी तक्रार त्या मोफत सोनोग्राफीपुरतीच आहे.

रक्ताच्या तपासणीला नाव ठेवण्यासारखे काही नाही. पहिल्याच टोचणीत शीर सापडली, सायंकाळी अहवाल मोबाइलवर आला आणि माझे हिमोग्लोबिन ८.६ असल्याचे कळले, म्हणजे पैसे वाया गेले नाहीत. मात्र सोनोग्राफीच्या खोलीत पोत काढून मुठीत धरायला लावली, मानेवर थंडगार जेल फासले आणि तीन मिनिटांत ‘झालं, पुढच्या बाईला पाठवा’ असे सांगितले. माझ्या धाकट्या जावेच्या इंग्रजी अहवालात ४ मिलिमीटरची गाठ आणि कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी, अशी एक ओळ होती. ती समजावून सांगायला तिथे कुणीही नव्हते. ‘ताई, आता कसं करू जी?’ एवढेच ती रात्रभर विचारत राहिली, आणि भाव चढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस दिराने दुसऱ्या दिवशी विकायला काढला.

नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, डॉक्टरांनी बोटांनी मान चाचपली, फिल्म पाहिली आणि सुईने पेशी काढण्याचीही गरज नाही, वर्षभराने पुन्हा दाखवा, असे सांगितले. सोनोग्राफी केली तर निम्म्याअधिक बायकांत अशा बारीक गाठी सापडू शकतात आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, हे आम्हाला तिथे प्रथमच कळले.

केंद्राच्या पत्रकात थायरॉइडच्या कर्करोगाविषयी ‘हा कर्करोग स्त्रियांमध्ये तिप्पट’ असे ठळक छापले आहे. ते खोटे नाही. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार दर लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे १०, तर पुरुषांमागे ३ नवे रुग्ण आढळले. पत्रकाने गाळलेली गोष्ट अशी की, त्याच अंदाजात या रोगाने होणारे मृत्यू दोन लाख स्त्रियांमागे एक इतकेच आहेत. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाली आणि तिला जोडून थोड्या जास्तीच्या पैशांत मानेची सोनोग्राफी करून देण्याची चाल पडली. परिणामी २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले, पण मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. ज्यांची ग्रंथी काढली गेली, त्यांतल्या बहुतेकींना जन्मभर गोळी लागली, काहींचा कॅल्शियम घसरला, तर काहींचा आवाज बसला. आपल्या वर्धा जिल्ह्यातही कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी चालते. पण नोंदणीत येतात ते निदान झालेले रुग्ण, तेव्हा उद्या गावोगावी अशी कूपने वाटली गेली तर एकही बाई अधिक आजारी न पडता आकडा फुगेल.

म्हणून रक्ताच्या तपासणीला मी चार तारे देते आणि सोनोग्राफीला एकही नाही. मानेवर डोळ्यांना दिसणारी किंवा वाढती गाठ असेल, आवाज घोगरा राहत असेल, गिळताना अडकत असेल किंवा घरात कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर कूपनाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. रक्तातले टीएसएच (थायरॉइडची नेहमीची तपासणी) ‘नॉर्मल’ आले म्हणून अशी गाठ अंगावर काढू नये, कारण ती तपासणी ग्रंथीचे काम मोजते, कर्करोग शोधत नाही.

तक्रार केल्यावर केंद्राने दिलगिरी व्यक्त केली आणि तीन महिन्यांनी हीच सोनोग्राफी निम्म्या दरात करून देण्याचे आणखी एक कूपन जावेच्या मोबाइलवर पाठवले.