पैठणी पुढून बघितली, तिथेच फसले

साडेअठरा हजार रुपये मोजले. सांगितले होते सत्तावीस हजार, त्यामुळे घासाघीस करून साडेआठ हजार वाचवले अशी बढाई मारतच मी घरी आले. आठ दिवसांनी फॉल-पिको करणाऱ्या ताईंचा फोन आला. "काकू, पदराला मागून जाळी लावलीय ती पिकोत येतेय. कडेची थोडी उसवू का?" म्हटलं, उसवा. अर्ध्या तासाने परत फोन. "काकू, तुम्ही एकदा येऊन बघून जाता का?"

गेले. त्यांनी पदर मशीनवर उलटा पसरून ठेवला होता. पुढून काय देखणा होता तो, सोनेरी जरीवर हिरवे-निळे मोर. मागून मात्र कापलेल्या धाग्यांचे खुंट, दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखे. मोराचा हिरवा धागा मोर संपला तरी थांबत नव्हता, पाठीमागून तसाच पुढच्या मोराकडे निघाला होता आणि मधेच कातरला होता. "यंत्रावरची आहे हो काकू," ताई हळू आवाजात म्हणाल्या. दुकानात आणखी दोघीजणी होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये एवढी काळजी त्यांनी घेतली. ते मला आजही आठवतं.

आता हे झालं कसं ते सांगते. मी काही आंधळेपणाने पैसे टाकून आले नव्हते. मी तपासलं होतं, विचारलं होतं, आणि मला दाखवलेला प्रत्येक पुरावा खरा होता. म्हणूनच तर हे लिहितेय.

मुलाचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या सुनेला पैठणी घ्यायची आणि ती येवल्याचीच, असं मी सुपारीच्या वेळी चारचौघांत बोलून बसले होते. दिवाळीनंतर वर्तमानपत्रातून एक पत्रक आलं : पैठणी प्रदर्शन, थेट विणकरांकडून, चारच दिवस. आमच्या भागातलंच मंगल कार्यालय. दाराशीच हातमाग मांडलेला होता आणि त्यावर एक गृहस्थ बसून खरोखर विणत होते. चिमुकल्या रंगीत कांड्या बोटांनी इकडून तिकडे सरकवत मुनिया, म्हणजे पोपट, उमटवत होते. मी दहा मिनिटं खिळून उभी राहिले. भोवती बायकांची गर्दी, सगळ्या मोबाइलवर शूटिंग करतायत. तो माग बघितल्यावर आत टेबलांवर पडलेला सगळा ढीग त्याच मागावरून उतरला असणार, हे कुणी म्हटलं नाही. ते आमचं आम्हीच समजलो.

आत विक्रेत्याने मला शंका काढायची संधीच ठेवली नाही, स्वतःहून पुरावे देत गेला. साडीला सिल्क मार्कचं लेबल होतं. मग म्हणाला, "ताई, तुमच्यासमोर जाळून दाखवतो." साडीच्या टोकाचा एक धागा ओढून काडी लावली. केस जळल्याचा वास आला, राख बोटावर चुरली. पॉलिएस्टर असतं तर वितळून टणक मणी झाला असता, हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला दाखवायची मला घाई होती. मीच म्हणाले, "हो, रेशीम आहे." तो म्हणाला, "बघा, तुम्हाला कळतं. सगळ्यांना कळत नाही." इथे मी गेले!

पदराच्या मागे पातळ जाळी शिवलेली होती. विचारलं तर म्हणे, बांगड्या-अंगठ्या अडकून जर ओढली जाऊ नये म्हणून आम्ही फुकट लावून देतो. बरं वाटलं.

बिल झालं. मी एका कंपनीच्या हिशेब खात्यात एकतीस वर्षं नोकरी केलेली बाई. दुसऱ्यांची बिलं तपासण्यात जन्म गेला, आणि स्वतःचं बिल घडी घालून पर्समध्ये टाकलं. फॉलवाल्या ताईंकडून घरी येऊन ते काढलं तर त्यावर होतं : "सिल्क साडी, १ नग." पैठणी हा शब्द नव्हता. हातमाग तर नव्हताच.

बिलावर नंबर होता. पहिल्या फोनला उचलला. मी तावातावाने बोलले, समोरचा शांत. "मॅडम, रेशीम प्युअर आहे की नाही? बिलावर काय लिहिलंय ते वाचा." नंतर दोन दिवस नुसती रिंग, मग तीही बंद. कार्यालयात चौकशी केली तर तिथे मुंज चालू होती.

एवढी चिडले होते की मुलाला घेऊन थेट येवल्याला गेले. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावर येवला स्टेशन आहे, पण आम्ही एसटीने गेलो. गावात घराघरांत माग आहेत, खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस आणि समोर ताणलेला ताणा, म्हणजे उभे धागे. ओळखीतून एका विणकर कुटुंबात गेलो आणि माझी साडी त्यांच्यापुढे टाकली. म्हाताऱ्या विणकर काकांनी ती पुढून बघितलीच नाही. हातात घेतली तीच उलटी करून.

मग त्यांनी मागावरचा पदर दाखवला. जरीची भुई आणि त्यात रंगीत रेशमाची मीना, म्हणजे नक्षी. प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे छोटी कांडी, वेगळी. हिरव्या रंगाची तिल्ली आपल्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतते आणि मागे फिरते. दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकत नाही. त्यामुळे मागे लोंबणारा धागा उरतच नाही, पदर दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो. भरगच्च पदर असला तर दिवसभरात एखाददुसरा इंच पुढे सरकतो, म्हणून अशा साडीला महिनेच्या महिने लागतात. यंत्रमागावर जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे आपोआप उचलणारी जोडणी, लावून तीच नक्षी काढली की रंगाचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. जिथे रंग हवा तिथे वर येतो, नको तिथे पाठीला लोंबत राहतो, आणि नंतर ते लोंबणारे धागे कातरतात. माझ्या पदराची दाढी ती हीच. आणि ती झाकायला जाळी.

मी वाचून गेलेल्या काही खुणा काकांनी मोडीत काढल्या. काठाला टाचणीसारखी बारीक भोकं असली की हातमाग, असं मी ऐकलं होतं. ते हसले. कापड ताणून धरायची सोय यंत्रमागालाही असते, भोकं तिथेही पडतात. अंगातल्या बुट्टीच्या मागे थोडा धागा दिसला म्हणून लगेच खोटी म्हणू नका, असंही म्हणाले. काठासाठी, बुट्ट्यांसाठी हातमागावरही जॅकार्ड वापरतात. "पदर बघा. पदर खोटं बोलत नाही." नक्षीच्या कडा बघायला सांगितल्या. हातच्या विणीत मोराची मान गोल दिसली तरी जवळून बघितल्यावर पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि दोन मोर अगदी जुळे नसतात, एखाद्याची चोच जरा आखूड निघते. माझ्या पदरावरचे सगळे मोर शिक्का मारल्यासारखे एकसारखे होते, आणि प्रदर्शनात मी त्यालाच "काय सफाईदार काम आहे" म्हणाले होते.

सिल्क मार्कचं लेबल मी त्यांच्यापुढे धरलं. काका म्हणाले, ते खरंच असेल. ही खूण २००४ पासून आहे, केंद्रीय रेशीम मंडळाची. ती एवढंच सांगते की धागा शुद्ध रेशमाचा आहे. तो मागावर विणला की यंत्रावर, याच्याशी तिला कर्तव्य नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा, २००६ पासूनचा. धागा जाळून दाखवला तोही तसाच. मी विचारला होता एक प्रश्न, पुराव्यांनी उत्तर दिलं दुसऱ्याचं. आणि दारातला माग? तोही खरा, विणणारा माणूसही खरा. रोजावर आणून बसवतात, काका म्हणाले. त्यांच्या घरातल्याच कुणाला तरी असं बोलावणं आलं होतं, हे त्यांनी जरा ओशाळून सांगितलं. त्यांचा मला राग आला नाही. मागावर बसून मिळतं त्याहून चार दिवस नुसतं बसायचे जास्त मिळत असतील तर माणूस जाणारच.

माझी साडी सहा हजारांच्या आत बसते, असा त्यांचा अंदाज. यंत्रावरच्या अशा साड्यांना बाजारात "सेमी पैठणी" म्हणतात आणि तसं सांगून विकणारे दुकानदार भरपूर आहेत. त्यात वाईट काही नाही, मी स्वतः हळदीकुंकवाला दोन नेसते. सेमी म्हणून सहा हजारांना घेतली असती तर कौतुकाने मिरवली असती.

परत आल्यावर ओळखीच्या वकीलबाईंना गाठलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "पत्रक ठेवलंय का?" माझं रद्दीत गेलं होतं. शेजारणीच्या फ्रिजमागे सापडलं, त्यावर "अस्सल हातमाग पैठणी" असं ठळक छापलेलं. वकीलबाई खूश! पैठणीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता यावं असं संरक्षण, मिळालेला आहे, आणि खोटा निर्देशांक लावून माल विकला तर १९९९ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान पन्नास हजार रुपये दंड आहे. पण ते लांबचं. माझ्यासाठी रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नोटीस गेल्यावर उत्तर आलं की पुढच्या प्रदर्शनात पाच हजारांची खरेदी मोफत देतो. मी वकीलबाईंना म्हटलं, याच्याकडून आणखी एक साडी? तक्रार दाखल केली आहे, तारखा चालू आहेत.

मैत्रिणींनो, खरेदीला जाल तेव्हा पदरामागे जाळी असेल तर तिथल्या तिथे एक कोपरा उसवायला सांगा, ती परत शिवायचे पैसे तुम्ही द्या. आणि पैसे देण्याआधी म्हणा की बिलावर "हातमागावर विणलेली पैठणी" असं लिहून, शिक्का मारून द्या. ज्याची खरी आहे तो लिहील. मी नंतर तीन प्रदर्शनांत नुसतं विचारून बघितलं. एकाने लिहून देतो म्हटलं. एक म्हणाला बिल कॉम्प्युटरवर निघतं, त्यात शब्द बदलता येत नाहीत. तिसऱ्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक दिसलं. पत्रकाचा आणि दारावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा, रोख देऊ नका.

मोबाइलवरून मागवणाऱ्यांनी तर पदराच्या उलट्या बाजूचा व्हिडिओ मागितल्याशिवाय पुढे जाऊच नये. भाचीने असंच एका पानावरून मागवलं, फोटो कुठल्यातरी विणकराच्या पानावरून उचललेले होते, साडी आलीच नाही. तिने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तातडीने फोन केला, म्हणून रक्कम पुढे जायच्या आत अडकली. तिच्या बाबतीत निदान फसवणूक स्पष्ट तरी होती.

सुनेला मी लग्नाआधीच सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "आई, रंग माझ्या आवडीचा आहे," आणि लग्नात तीच नेसली. व्याह्यांकडच्या एका आत्याने पदर हातात घेऊन उलटा करायला सुरुवात केली तेव्हा मी तिला बळेच जेवायच्या पंगतीकडे नेलं.

साडी आता माझ्याच कपाटात आहे, पुरावा म्हणून. जाळी पूर्ण काढून टाकलीय. बिल्डिंगमधल्या दोघी परवा प्रदर्शनाला निघाल्या होत्या, त्यांना आधी घरी बोलावलं, पलंगावर पदर उलटा पसरला, खुंटांवरून त्यांची बोटं फिरवली, तिल्लीचं सगळं समजावलं. दोघींनी माना डोलावल्या. मग त्यातल्या एकीने पदर सुलटा केला आणि म्हणाली, "पण दिसते किती छान हो! कुठलं प्रदर्शन होतं म्हणालात?"