कुत्र्याला विंचरताना बसणारा करंट: तीन ब्रश आणि एक फवारा

दिवाळी उलटून कोरडा वारा सुटला की बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची केसाळ कुत्री ब्रश बघताच कॉटखाली शिरतात. पावसाळ्यात हीच कुत्री त्याच ब्रशाखाली गुमान पडून असतात, कारण हवेतल्या ओलाव्यामुळे केसांवर विजेचा भार टिकतच नाही. आर्द्रता साधारण ४० टक्क्यांखाली गेली की ब्रशाच्या प्रत्येक फेरीला तो साठत जातो, आणि ओल्या नाकाला बोट लागलं की ‘चट्’! माणसाला असा झटका जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. आकडा मोठा वाटला तरी वीज क्षणभराची आणि अगदी थोडी असते, इजा होत नाही. पण कुत्र्याच्या लेखी ब्रश चावला तो चावला.

बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो स्लिकर ब्रश: प्लास्टिकची मूठ, रबराची गादी आणि तिच्यात वाकड्या तारा. तारा धातूच्या म्हणून करंट निघून जाईल, हा समज चुकीचा आहे. तारा रबरात रुतलेल्या असतात, तुमच्या हाताला कुठेच लागत नाहीत, त्यामुळे भाराला बाहेर पडायला वाट नसते. गुंता सोडवायला आणि लॅब्राडोरचा गळणारा आतला केस काढायला हा ब्रश चांगलाच, पण कोरड्या अंगावर फिरवायचा नाही. पूर्ण प्लास्टिकचा ब्रश त्याहून वाईट. घासताना केस इलेक्ट्रॉन सोडतात आणि प्लास्टिक ते ओढून घेतं. मग सगळ्या केसांवर एकच भार उरतो, ते एकमेकांना ढकलतात, आणि पॉमेरेनियन कापसाच्या बोंडासारखा फुलतो. सुटलेले केस तुमच्या शर्टाला चिकटतात ते वेगळंच.

लाकडी दात्यांचा ब्रश बरा. लाकूड थोडा ओलावा धरून ठेवतं. मुधोळ कुत्र्यांतल्या पश्मीला, म्हणजे लांब केसांच्या प्रकाराला, कान-शेपटीवर जी रेशमी झालर असते, तिला हाच शोभतो. फक्त त्यावर जाड चकचकीत वॉर्निश नको. (आखूड केसांच्या मुधोळला यातलं काहीच लागत नाही, ओलसर सुती फडकं पुरे.)

पैसे घालायचेच तर पूर्ण स्टीलच्या कंगव्यात घाला. पाठ आणि दाते एकाच धातूचे हवेत, मुठीवर रबर नको. उघड्या हातात धरला की भार कंगव्यातून हातात आणि अनवाणी पायातून फरशीत उतरतो. पायात रबरी चप्पल किंवा हातात रबरी मोजे असले की ही वाट बंद, आणि मग लोक कंगव्यालाच नावं ठेवतात. ओल्या फडक्याने पुसलेली शहाबादी फरशी यासाठी उत्तम. पॉलिस्टरचा गालिचा नको, घोंगडीही नको, लोकर भार धरते. गोणपाट किंवा सुती चादर अंथरून वर पाण्याचे शिंतोडे मारा. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागवाल्या विणकरांना हे सांगायला नको, कोरड्या हवेत सूत कसं वागतं ते त्यांना ठाऊक असतं.

दुकानात पारख करायची तर ‘तरुण भारत’चा कोपरा फाडून बारीक तुकडे करा, ब्रश आपल्याच कोरड्या केसांवरून दहा वेळा फिरवा आणि तुकड्यांजवळ न्या. तुकडे उडून चिकटले तर तो ब्रश हिवाळ्यात त्रास देणार.

आता फवारा. विकतचे ‘अँटी-स्टॅटिक’ किंवा गुंता सोडवणारे फवारे खरोखर काम करतात: कंडिशनरचा पातळ थर केसांवर ओलावा धरतो, सिलिकोन असेल तर घर्षणही कमी होतं. लेबलावर अल्कोहोल वरच्या क्रमांकात असेल तर घेऊ नका, केस आणखी कोरडे होतात. टी-ट्री तेल असेल तरीही नको, ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. पण एवढा खर्च करायची गरज बहुतेक घरांत नाही. कुत्र्यांसाठीचा कंडिशनर १ चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, २५० मिली पाण्यात घालून हलवा. हातभर अंतरावरून पाठीवर फवारा, डोळे-तोंड टाळा. केस दमट व्हायला हवेत, निथळता कामा नये. एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्या आणि तो वाळायच्या आत विंचरा. उरलेलं पाणी दोन-तीन दिवसांत फेकून द्या, पातळ केल्यावर ते टिकत नाही. खोबरेल तेलाचे दोन थेंब हातावर चोळून फिरवले तरी भार कमी होतो, पण खानापूरकडच्या लाल धुळीत असं कुत्रं संध्याकाळपर्यंत विटेच्या रंगाचं होतं. कपड्यांचं फॅब्रिक कंडिशनर मात्र चुकूनही वापरू नका. कुत्रं अंग चाटतं, आणि त्यातल्या रसायनांनी तोंडात फोड येतात.

विंचरताना डावा तळवा कुत्र्याच्या खांद्यावर टेकलेलाच ठेवा, मग दोघांच्या अंगावरचा भार सारखा राहतो आणि ठिणगी उडत नाही. हात उचललात तर परत लावताना आधी नळाला किंवा लोखंडी गजाला लावा, मग पूर्ण तळवा पाठीवर ठेवा. बोटाचं टोक नाकाकडे नेऊ नका.

ग्रूमिंगच्या दुकानात गेलात तर ड्रायरकडे लक्ष ठेवा. गरम झोताने केस कडकडीत वाळवले की सगळी मेहनत फुकट. थंड झोत हवा, आणि केस किंचित दमट असतानाच तो बंद व्हायला हवा. आणखी एक गोष्ट नीट ओळखा. स्थिर विजेचा झटका एकदाच ‘चट्’ होऊन संपतो. ड्रायर चालू असताना लोखंडी टेबलाला हात लावल्यावर सलग मुंग्या येत असतील, किंवा कुत्रं सारखे पाय उचलत असेल, तर ती यंत्रातून होणारी विजेची गळती आहे. तिथे ना फवारा उपयोगी ना कंगवा. मेन स्विच बंद करायला लावा, कुत्र्याला खाली उतरवा, आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसलाय का ते बघा. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा गळती-ब्रेकर (गळती होताच वीज तोडणारा स्विच) तपासून होईपर्यंत त्या टेबलावर कुत्रं चढवू नका.